बँडवाल्यांचे गुलाबी कोट

२ मे

प्रिय वन्सं,

नमस्कार. हे पत्र घेऊन तुमच्या दारात उभा आहे तो तुमचा भाचाच. ओळखू आला नाही तर दचकू नका, वर्षभरात चौकटीला डोकं टेकेल एवढा झालाय. फोनवरच सगळं सांगणार होते, पण तुमच्या लाँड्रीतल्या मशीनच्या घरघरीत तुम्हाला माझं काही ऐकू येत नाही. ऐकू आलं की मी रडते, आणि मी रडले की तुम्ही फोन ठेवता. त्यापेक्षा पत्र बरं.

खरं सांगू? त्याला सुट्टीभर तुमच्याकडे कामाला धाडायचं मला अजून पटलेलं नाही. समोरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याची काच त्याच्या बॉलने फुटली, तर फुटली. मी स्वतः जाऊन माफी मागून आले. बाई हसल्या, चहा पाजला, विषय संपला. पण तुमच्या कानावर गेलं आणि तुम्ही म्हणालात, "काच त्याने फोडली आणि चहा तू प्यायलीस?" तेव्हापासून तुमचे बंधुराजही तेच धरून बसले. आता सांभाळा भाचा.

दोन-तीन गोष्टी लक्षात असू द्या. सकाळी हाका मारून उठवू नका, चिडतो. पडदा आधी थोडा सरकवायचा, मग जरा वेळाने पूर्ण. दूध कोमट लागतं. शर्ट उलटा काढून टाकतो, तो सुलटा करावा लागतो. आवाज चढवला की गप्प होतो आणि मनाला लावून घेतो, हळवा आहे हो. सतरा पूर्ण झाली तरी मुलगाच तो, मुलींसारखी समज कुठून येणार?

तुमची भावजय

ता. क. आत्या, पाकीट मी चिकटवतेय, तेवढ्यात लिहून घेते. मी त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी. माझ्या खोलीला पडदाच नाही.
— थोरली

१० मे

प्रिय वहिनी,

तुझा जिन्नस पोचला. चालू स्थितीत आहे.

पडद्याचा प्रश्न आला नाही. त्याला दुकानावरच्या माळ्यावर झोपायला दिलंय, आणि सकाळी खाली वाफेचा बॉयलर सुरू झाला की तो अशी शिट्टी मारतो की चिरंजीव जिन्यातच जागे होतात. दूध कोमट असतं, कारण ते गरम असताना तो उठलेला नसतो.

कामाला बरा आहे गं. पहिल्या दिवशी कपडे वेगळे करायला बसवला. पांढरे एका टोपलीत, रंगीत दुसरीत, रंग सोडणारे तिसरीत, आणि प्रत्येक खिसा उलटा करून बघायचा. कुणाच्या तरी कोटात लाकडी चमचा निघाला, तेव्हापासून खिसे बघायचं काम त्याला भारी आवडतं. शेजारी आमची इस्त्रीवाली असते, त्याच्याहून वर्षभराने मोठी असेल. शहरातल्या बँडवाल्यांचे पांढरे कोट आमच्याकडे येतात, ते तिच्या हातातले. बाहीची घडी अशी सरळ पाडते की बँडमास्तर दुसऱ्या कुणाला कोट देतच नाहीत. तिला त्याचा तोरा आहे आणि असायलाच हवा.

माझ्या दुकानाची एक पद्धत तुला ठाऊक असू दे. ज्याच्या हातून कपडा बिघडला, त्यानेच तो गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा आणि काय झालं ते सांगायचं. मी मागे उभी राहते, पण बोलत नाही. इस्त्रीवालीने इथे आल्या आल्या एका वकिलाची पँट जाळली होती. काउंटरवर गेली आणि सगळं सांगितलं. वकील बराच वेळ तोंड चालवत होता. तिने ऐकून घेतलं, मग आत येऊन डबा खाल्ला.

आता तुझ्या लाडक्याची गंमत. अंघोळ झाली की कपडे बाथरूमच्या दारात टाकतो. दुसऱ्या दिवशी ढीग तिथेच. तिसऱ्या दिवशी मला विचारतो, "आत्या, माझे कपडे अजून कुणी धुतले नाहीत?" वहिनी, लाँड्रीत उभं राहून विचारतोय हे!

तुझी नणंद

१४ मे

प्रिय वन्सं,

तुमचं पत्र वाचून माझा जीव खालीवर झालाय. कपडे धुतले नाहीत म्हणजे? पोरगा घालतोय काय? तुम्हाला एवढी मोठमोठी मशीनं, त्यात त्याचे दोन शर्ट जड झाले का?

आणि ती तुमची पद्धत. तुमच्या इस्त्रीवालीला जमत असेल, मुली बोलायला धीट असतात. माझ्या थोरलीचंच बघा. गेल्या महिन्यात तिच्या हातून शेजारच्या काकांच्या गाडीला स्कूटर घासली. मी म्हटलं, जा, आत्ताच्या आत्ता दार वाजव आणि सांग. रडत गेली, पण गेली. मुलीच्या जातीला वळण लागलेलं बरं, उद्या बाहेर निभवायचं असतं. मुलांचं तसं नसतं हो, त्यांना अपमान फार लागतो. तुमचे बंधुराजच घ्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, "माझं चुकलं" हे दोन शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाहीत. परवा माझा चष्मा त्यांच्या बुडाखाली मोडला, तर म्हणतात, "खुर्चीवर चष्मा कुणी ठेवला?" बायकोने समजून घ्यायचं, दुसरं काय!

तुमची भावजय

ता. क. आत्या, रडत गेले हे खरं. काका घरी नव्हते म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, हे आईच्या लक्षात नाही. आपण बाबांबद्दल लिहितोय की त्यांच्या मुलाबद्दल, हेही आईच्या लक्षात आलेलं दिसत नाही.
— थोरली

२० मे

प्रिय वहिनी,

आधी खुर्चीवर बस. कुणाला लागलेलं नाही, मशीनही धड आहे. बँडवाल्यांचे कोट मात्र गुलाबी झालेत. फिकट म्हणशील तर नाही. तान्ह्या बाळाच्या झबल्याचा रंग असतो ना, तसे झालेत.

झालं असं. आपले कपडे इथे कुणी धूत नाही हे चिरंजीवांना एकदाचं पटलं. म्हणून त्यांनी आपली फुटबॉलची लाल जर्सी, मी कोट भरून ठेवलेल्या मशीनमध्ये वरून टाकली. घरी टाकतो तशी. दिवसभर तो हेच तर करतो, लाल बाजूला आणि पांढरे बाजूला. पण ते गिऱ्हाइकांचे कपडे. स्वतःचे कुठेतरी भिरकावले की आपोआप धुऊन येतात, हे त्याच्या अंगात मुरलंय.

इथवर मी हसले असते. पण मशीन थांबल्यावर दार त्यानेच उघडलं. आतला प्रकार बघितला, जर्सी ओढून काढली, दार लावलं आणि टॉवेलच्या घड्या घालायला बसला. नंतर इस्त्रीवालीने मशीन उघडलं, आणि नेमके बँडमास्तर दारात. त्यांनी तिलाच फैलावर घेतलं. "तुझ्या भरवशावर कोट टाकतो आम्ही!" तिला काही कळेना, हातात तो गुलाबी कोट धरून नुसती उभी. आपला हिरो तोंडात गुळणी धरून घड्या घालतोय. घड्या सुरेख झाल्यात, हेही सांगायला हवं.

आज सकाळी माळ्याच्या खिडकीत जर्सी वाळताना दिसली, म्हणून मला कळलं. विचारलं तर आधी म्हणाला, "मशीन जुनं आहे ना." मग म्हणाला, "मी सांगणारच होतो." मग रडला. मी रडू दिलं. इस्त्रीवालीला म्हटलं, तुझी चूक नाही हे मला कळलंय. तर म्हणाली, "तुम्हाला कळून काय उपयोग? मास्तरांना कुठे कळलंय?"

रविवारी बँडची तालीम असते. तिथे जाऊन स्वतः सांगायचं त्याने कबूल केलंय. घाबरलाय. मलाही बरं वाटत नाहीये, माझाही भाचाच आहे. पण त्याच्या वाटणीची बोलणी त्या पोरीने खाल्लीत, ती तिच्या अंगावर तशीच राहू द्यायची नाहीत. तुझी फक्त एक मदत हवी. काहीही करू नकोस.

तुझी नणंद

२३ मे

प्रिय वन्सं,

पत्र मिळालं. तुम्ही उगाच काळजी करता. सगळं व्यवस्थित होईल. त्याला म्हणावं, निर्धास्त जा, मास्तर फार भले गृहस्थ आहेत. जास्त लिहीत नाही, गॅसवर दूध ठेवलंय.

तुमची भावजय

ता. क. आत्या, मास्तर भले आहेत हे आईला कुणी सांगितलं, विचारा. बँडचा नंबर तिने माझ्याकडून शोधून घेतला. मला वाटलं, कुणाकडे काही कार्य असेल. नंतर दार लोटून इतकं गोड बोलत होती की मी बाहेरूनच ओळखलं. इस्त्रीवालीबद्दल काय बोलली तेही ऐकलं, आणि मला आईचा भयंकर राग आलाय. तुम्हाला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तुम्ही "मोठ्याने बोल" म्हणालात आणि ठेवलात.
— थोरली

२७ मे

वहिनी,

त्याने मागायची माफी तू मागून टाकलीस.

रविवारी सकाळपासून तो आरशासमोर पाठ करत होता. "मास्तर, ते माझ्याकडून झालं." एकदा जोरात, एकदा हळू, एकदा खिशात हात घालून. शर्टाला स्वतः इस्त्री केली, कॉलर जराशी करपली, ती आत वळवली. गेला बिचारा. तालमीच्या हॉलमध्ये तोंड उघडतोय तोच मास्तर म्हणाले, "अरे, ये ये! तुझ्या आईचा फोन येऊन गेला. लहान आहे, चुकून झालं म्हणाली. सोडून दे. आणि बरोबरच आहे तिचं, त्या इस्त्रीवालीने मशीन लावण्याआधी बघायला नको होतं का?" ड्रमवाला म्हणाला, "आईला बरोबर नाही आणलंस?" सगळे हसले. हाही हसला, आणि घरी आला.

त्याने आल्या आल्या मला एवढंच सांगितलं, की मिटलं. इस्त्रीवालीबद्दलचं सांगायला त्याला संध्याकाळ झाली.

वहिनी, त्या मुलीला तू पाहिलेलंही नाहीस. आपल्या थोरलीहून लहान आहे ती. मला तुझा राग आलाय, आणि त्याहून जास्त वाईट वाटलंय. काल मास्तर स्वतः आले आणि म्हणाले, यापुढे आमच्या कोटांना त्या पोरीचा हात लागायला नको. ती आत इस्त्री धरून उभी होती, तिने सगळं ऐकलं. मी म्हटलं, गुरुवारी कोट न्यायला या, तेव्हा काय ते बोलू.

चिरंजीवांना गुरुवारपर्यंत मुदत आहे. तो बोलला नाही तर मी बोलेन, आणि त्याच दिवशीच्या गाडीने त्याला तुझ्याकडे पाठवीन. मग घाल त्याला पाठीशी जन्मभर.

नणंद

३० मे

प्रिय वहिनी,

तुझं पत्र नाही, फोनही नाही. रुसली असशील. रुस. तरी गुरुवारचं तुला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

कोटांना औषध लावून धुवायचं काम मी त्यालाच दिलं होतं. पुन्हा पुन्हा धुतले त्याने, बोटं सुरकुतून म्हाताऱ्यासारखी झाली. बहुतेक सगळा रंग गेला, शिवणीशिवणीत तेवढा गुलाबी राहिला. मास्तर आले, मागे ड्रमवाला. चिरंजीव कोटांची थप्पी घेऊन काउंटरवर आले. मी मागे.

"मास्तर, लाल जर्सी माझी होती."

"अरे, ते मिटलं की! तुझ्या आईने..."

"आईने चुकीचं सांगितलं. हिने काही केलं नाही. जर्सी मी टाकली. कोट गुलाबी झालेले मीच आधी बघितले, जर्सी काढून घेतली आणि दार लावून टाकलं. तुम्ही हिला बोलत होतात तेव्हा मी इथेच बसलो होतो."

"मग रविवारी का नाही बोललास?"

"तुम्ही सोडून दे म्हणालात. मला वाटलं, सुटलो."

यावेळी ड्रमवाला हसला नाही. मास्तरांनी मात्र त्याला असा झाडला की रस्त्यावरची माणसं थांबली. पोरगा कानापर्यंत लाल. दोनदा माझ्या मनात आलं, पुरे आता, मध्ये पडावं. काउंटरची कड घट्ट धरून ठेवली वहिनी, खोटं कशाला सांगू. त्याने मान खाली घातली नाही. बोलून झाल्यावर मास्तर आत वाकून म्हणाले, "पोरी, तुला उगाच बोललो मी."

ती इस्त्रीवरून मान न उचलता म्हणाली, "बाह्यांच्या घड्या राहिल्यात. शनिवारी न्या."

मास्तर गेल्यावर चिरंजीव तिच्याकडे गेले. "सॉरी. खरंच सॉरी."

"मला अजून राग आहे."

"हो."

"मग उभा काय राहिलास? ती टोपली वेगळी कर."

त्या दिवशी तो दोन माणसांचं जेवला. माळ्यावर जाताना मला म्हणाला, "आत्या, रविवारी फार सोपं होतं. पण इथे आलो की मला तिच्याकडे बघताच येत नव्हतं." मला एवढा आनंद झाला की मी त्याला ओरडले, जा झोप म्हणून.

एक सांगायचं राहिलं. ड्रमवाला हळूच परत येऊन विचारत होता, त्याचा एकट्याचा कोट पुन्हा गुलाबी करून मिळेल का. बायकोला आवडला होता म्हणे.

तुझी नणंद

४ जून

प्रिय वन्सं,

तुमची दोन्ही पत्रं मिळाली. पहिलं मी फाडणार होते. थोरलीने ते हातातून काढून घेतलं आणि जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचलं. तुमचे बंधुराज म्हणाले, "जाऊ दे, पोरासाठीच केलं ना तिने." त्यावर थोरली म्हणाली, "मग माझ्यासाठी का नाही केलं? मी काय वाटेवर पडले होते?" आणि ताटावरून उठली.

मला उत्तर सुचलं नाही. भांडी आवरताना सुचलं नाही, दुसऱ्या दिवशी नाही, म्हणूनच तुम्हाला लिहिलं नाही. रुसले नव्हते. लाज वाटत होती. जीव तर दोघांवर सारखाच आहे, ते खरं आहे हो. पण तिला रडत रडत शेजारी पाठवताना मला वाटलं, जमेल हिला. आणि जमलंच. त्याच्याबद्दल मला तसं कधी वाटलंच नाही. एवढा चौकटीएवढा झाला तरी मी आपली त्याच्या पुढे पुढे करतेय. तुमचं दुसरं पत्र आलं तेव्हा मी ते थोरलीला वाचायला दिलं आणि समोर बसले. मास्तर त्याला झाडतात तिथे मला रडू फुटलं. ती म्हणाली, "रडू नकोस, छान बोललाय तो." मग म्हणाली, "मलाही छान बोलता येत होतं तेव्हा. तू विचारलं नाहीस." मी विचारलं. मग तिने शेजारच्या काकांकडचा सगळा प्रसंग सांगितला आणि मी सगळा ऐकला.

त्यानंतर मी मास्तरांना फोन केला, की त्या मुलीबद्दल मी बोलले ते चूक होतं, मी तिला ओळखतही नाही. ते म्हणाले, "बाई, तुमच्या घरातून अजून किती जण यायचेत माफी मागायला? एकदाच सगळे या, बँड लावतो."

पण त्या मुलीशी फोनवर बोलणं मला बरं दिसेना. शनिवारी सकाळच्या गाडीने येतेय. मुलाला न्यायला नाही, सुट्टी संपेपर्यंत त्याला ठेवून घ्या, कपडेही त्यालाच धुऊ द्या. मी तिच्यासाठी येतेय. काय बोलायचं ते आत्तापासून घोकतेय. एवढ्याशा पोरीला मी घाबरते, बघा! वन्सं, एवढं एक कराल का? मी पोचायच्या आधी तिच्या कानावर थोडं घालून ठेवाल? की बाई मनाची वाईट नाही, बोलून गेली. म्हणजे मला जरा सोपं जाईल.

तुमची भावजय

ता. क. आत्या, शेवटच्या चार ओळी वाचल्याच नाहीत असं समजा. तिच्या कानावर काही घालू नका. मीही येतेय आईबरोबर. गाडीत तिचा हात धरून बसेन, वाटेत तिची उजळणी घेईन, दुकानाच्या पायरीपर्यंत सोडेन. पुढे बोलायचं तिचं तिनेच.
— थोरली